वाढणारी यादी आणि मोजणारे मामा

पुण्यातल्या एका ८४ फ्लॅटच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब वहीतून कॉम्प्युटरवर आणायचा आहे. खजिनदार निवृत्त गृहस्थ. नोकरीभर कारखान्यातल्या कंट्रोलरसाठी सी भाषेत कोड लिहिलेला. प्रोग्रॅम लिहून देतेय त्यांची भाची, ती जावात काम करते. दोघंही माझ्या कल्पनेतली आहेत, वाद मात्र खरा आहे. कंपन्यांच्या कोड रिव्ह्यूत तो नेहमी ऐकू येतो: संख्या आधी ठरवून ॲरे घ्यायचा, की लागेल तशी वाढणारी ॲरेलिस्ट? मला स्वतःला भाचीची बाजू पटते, हे आधीच सांगून टाकतो. तरीही मामांचं पारडं कुठे जड झालेलं दिसलं, तर ते त्यांनी आपल्या हिमतीवर केलेलं आहे.

मामा : हे काय लिहिलंयस? फ्लॅटची लिस्ट, आणि पुढे ‘न्यू ॲरेलिस्ट’. अगं, सात मजले, मजल्यावर बारा फ्लॅट. झाले ८४. बिल्डर आठवा मजला चढवणार आहे का?

भाची : नाही चढवणार. पण ८४ हा आकडा मी कोडमध्ये कशाला कोरून ठेवू? फाइलमधून फ्लॅट वाचायचे आणि एकेक ॲड करत जायचं. उद्या शेजारच्या सोसायटीने हाच प्रोग्रॅम मागितला तर एक ओळही बदलावी लागणार नाही.

मामा : शेजारची सोसायटी फुकटात मागेल, ते सोड. आकडा माहीत असून तो न सांगणं याला मी आळस म्हणतो. आम्ही प्रत्येक ॲरेची जास्तीत जास्त लांबी आधी कागदावर मांडून दाखवायचो. मशीन एकदा सुरू झालं की नवी मेमरी मागायची नाही म्हणजे नाही. मोटारींमधल्या सॉफ्टवेअरसाठी ब्रिटनमध्ये १९९८ साली मिस्रा सी नावाची नियमावली निघाली. प्रोग्रॅम चालू असताना हीपमधून मेमरी घ्यायला तिच्यात साफ बंदी होती.

भाची : आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जावा १.२ आली. जोश ब्लॉकने आखलेलं कलेक्शन्स फ्रेमवर्क तिच्यात होतं, ॲरेलिस्ट त्यातलीच. एकाच वर्षात तुमच्याकडे बंदी आणि आमच्याकडे मोकळं रान.

मामा : मोकळं रान! ब्रेक दाबल्यावर गाडी म्हणाली, जरा थांबा, मेमरी मिळतेय का बघते, तर?

भाची : तिथे तुझंच बरोबर. पण आपल्याला सोसायटी चालवायची आहे. पावत्या वर्षाला किती होतील, सांग बघू.

मामा : ८४ गुणिले १२. एक हजार आठ.

भाची : कुणी अर्धेच भरले? चेक परत आला? हॉलचं भाडं, पार्किंगचा दंड, लिफ्टची वर्गणी?

मामा : मग दीड हजारांचा ॲरे घे. हात सैल सोडून.

भाची : आणि १,५०१ वी पावती आली की? जावात निदान एक्सेप्शन येऊन प्रोग्रॅम थांबेल. तुझ्या सीमध्ये ती शेजारच्या मेमरीत लिहिली जाईल आणि भलत्याच माणसाच्या थकबाकीचा आकडा बदलून ठेवेल.

मामा : बरं, ते राहू दे. ही लिस्ट ‘वाढते’ म्हणतेस, म्हणजे नेमकं काय होतं? मेमरी काही ताणून लांब होत नाही.

भाची : आत साधा ॲरेच असतो. आधी रिकामा. पहिलं ॲड झालं की १० जागांचा. अकरावा आला की १५ जागांचा नवा ॲरे घेतला जातो, जुन्यातले दहा रेफरन्स त्यात कॉपी होतात आणि जुना गार्बेज कलेक्टरच्या हवाली. मग १५ चे २२, २२ चे ३३, पुढे ४९, ७३, १०९. दर वेळी आहे त्याच्या निम्मी भर. अपूर्णांक सोडून द्यायचा.

मामा : म्हणजे ८४ फ्लॅटसाठी सहा वेळा सगळं उचलून दुसरीकडे नेलं आणि शेवटी १०९ जागा अडवून बसलीस. २५ रिकाम्या.

भाची : बरोबर. आणि सहाही वेळचे मिळून कॉपी किती झाले? २०२ रेफरन्स. यात गेलेला वेळ मोजायला तुझ्याकडे घड्याळ नाही.

मामा : ८४ चं सोड. लाखाचं काय होतं?

हा प्रश्न मामांनी खोचकपणे विचारला असला तरी तोच या विषयाचा गाभा आहे. उत्तर कागदावर मांडून पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून मांडूच. १० पासून निघून दर वेळी दीडपट होत गेलं, तर लाखाच्या वर पोचायला २३ वेळा नवा ॲरे घ्यावा लागतो. शेवटचा १,०६,७१० जागांचा. या सगळ्या बदलांत मिळून कॉपी होतात २,१३,४१३ रेफरन्स. म्हणजे एका पावतीमागे दोनाहून किंचित जास्त. आता हीच लिस्ट एखाद्या काटकसरी माणसाने लिहिली असती, ‘उगाच मेमरी नको अडवायला, दर वेळी फक्त दहा जागा वाढवू’ म्हणून, तर? तेवढ्याच लाख पावत्यांसाठी ९,९९९ वेळा नवा ॲरे आणि जवळजवळ ५० कोटी रेफरन्सची कॉपी. फरक आहे तो दहाची बेरीज आणि दीडचा गुणाकार यांच्यातला. मामांसारख्या हिशेबी माणसाला पहिला मार्ग सहज सुचतो, आणि याच बाबतीत तो साफ चुकतो.

एखादी क्रिया क्वचित महाग आणि एरवी स्वस्त असेल, तर तिचा खर्च एकेका क्रियेचा न मोजता अख्ख्या मालिकेचा मोजायचा, या पद्धतीला रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ च्या निबंधात व्यवस्थित गणिती रूप दिलं. ॲरेलिस्टचं ‘ॲड’ स्वस्त आहे असं पुस्तकं सांगतात ती याच अर्थाने.

मामा : मालिकेचा खर्च कमी, हे कबूल. पण ज्या एका पावतीच्या वेळी ७१,१४० रेफरन्स हलले, ती नोंदवणारा माणूस खिडकीशी ताटकळला ना?

भाची : ताटकळला, पण त्याला कळलं नाही. एका ओळीत लागून असलेली मेमरी कॉपी करण्यात प्रोसेसर पटाईत असतो. तरी तुझ्या समाधानासाठी उपाय आहे. लिस्ट बनवतानाच क्षमता सांगायची. न्यू ॲरेलिस्ट, कंसात ८४. एकदाही कॉपी नाही.

मामा : हे आधी का नाही लिहिलंस? आण इकडे. आता पहिल्या खान्यात १०१ नंबर ठेवतो. लिस्ट.सेट(०, ...). हे काय? इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स, साइज शून्य? आत्ता तर ८४ जागा मागितल्या!

भाची : जागा आहेत, पण त्यात अजून कुणी आलेलं नाही. ८४ ही झाली क्षमता. साइज म्हणजे प्रत्यक्षात भरलेले किती. लिस्ट बाहेरच्याला फक्त साइजच दाखवते. सेट करायचं तर तिथे आधी काहीतरी असावं लागतं.

मामा : आणि काढून टाकल्यावर? क्षमता परत कमी होते?

भाची : आपोआप नाही. क्लिअर केलं तरी आतला मोठा ॲरे तसाच राहतो, फक्त खाने नल होतात. ट्रिमटूसाइज म्हणून मेथड आहे, ती सांगून चालवावी लागते.

मामा : म्हणजे घेताना न मागता घेते आणि परत करायचं म्हटलं की सांगावं लागतं. भाडेकरू बरे.

(इथे मामांना एक गुण द्यायला हरकत नाही. वर्षातून एकदाच फुगणारी आणि मग वर्षभर तशीच मेमरी अडवून बसणारी लिस्ट खरोखर त्रास देते, आणि तिचा पत्ता लागेपर्यंत लोक सर्व्हरला जास्तीची मेमरी देत राहतात.)

मामा : आता माझा हुकमी एक्का. तुझ्या लिस्टमध्ये फ्लॅटचे नंबर इंटीजर म्हणून आहेत. साध्या इंटच्या ॲरेत एका नंबराला चार बाइट. तुझ्याकडे किती?

भाची : ॲरेलिस्टला साधा इंट ठेवता येत नाही, ऑब्जेक्टच लागतो. नेहमीच्या ६४ बिटच्या जावात रेफरन्सचे चार आणि इंटीजर ऑब्जेक्टचे सोळा. वीस.

मामा : पाचपट! वर ते सोळा बाइट मेमरीत कुठेतरी विखुरलेले. आणि गेल्या आठवड्यात तुझ्या इंटर्नने केलेला घोळ सांगू? त्याने दोन लिस्ट केल्या. एक आपल्या नंबरांची, दुसरी बँकेच्या फाइलमधून आलेल्या नंबरांची. दोन्हीतले इंटीजर दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडून पाहिले. पहिल्या मजल्याचे बाराही फ्लॅट जुळले. दुसऱ्यापासून वर एकही जुळेना. मी आधी बँकेला फोन लावला!

भाची : ते माझ्या कानावर आलंय. उणे १२८ ते १२७ या आकड्यांचे इंटीजर ऑब्जेक्ट जावा एकदाच बनवून ठेवते आणि तेच सगळ्यांना देते. १०१ ते ११२ त्या मर्यादेत बसतात. त्यामुळे दोन्ही लिस्टमध्ये एकच ऑब्जेक्ट होता आणि चिन्हाने ‘तोच आहे’ म्हणून सांगितलं. २०१ चे मात्र दोन वेगळे ऑब्जेक्ट. आकडा सारखा असला तरी तुलना झाली ती ऑब्जेक्टच्या ओळखीची. तिथे इक्वल्स मेथड वापरायला हवी होती.

मामा : इंटच्या ॲरेत हे झालं नसतं.

भाची : नसतं झालं. पण खरी चूक त्याआधीची आहे. फ्लॅटचा नंबर ही संख्याच नाही. १०१ आणि २०३ ची तू कधी बेरीज केली आहेस का? सीमध्ये इंट हाताशी असतो म्हणून सगळं इंट होतं. इथे फ्लॅट नावाचा प्रकार करायचा. जावा १६ पासून, म्हणजे २०२१ पासून, त्यासाठी रेकॉर्ड आहे. एका ओळीत विंग आणि नंबर सांगितले की इक्वल्स आपोआप मिळतं. लिस्टचं कंटेन्स, इंडेक्सऑफ, रिमूव्ह सगळं इक्वल्सच्या भरवशावर चालतं. साध्या क्लासमध्ये ते लिहिलं नाहीस तर फ्लॅट डोळ्यांसमोर असूनही लिस्ट म्हणणार, इथे नाही.

मामा : आणि लिस्ट ऑफ फ्लॅट म्हटलं की कंपायलर दुसरं काही घालू देत नाही, हो ना?

भाची : २००४ साली जावा ५ आली तेव्हापासून. त्याआधी लिस्टमध्ये काहीही टाका, काढताना कास्ट करा आणि चुकलं तर प्रोग्रॅम चालू असताना आपटा. तुझा ॲरे इथे लिस्टपेक्षा ढिला आहे बरं का. लाँगचा ॲरे ऑब्जेक्टच्या ॲरेच्या नावाखाली दे आणि त्यात स्ट्रिंग टाक, कंपायलर चकार शब्द काढत नाही. ॲरेस्टोअर एक्सेप्शन येतं ते चालताना. लिस्टला मात्र हे कंपायलरच अडवतो.

मामांनी यावर काही म्हटलं नाही. सीमधून आलेल्या माणसाला जावाचा ॲरे ओळखीचा वाटतो, आणि असे बारकावे त्या ओळखीपोटीच नजरेतून सुटतात.

पुढचा वाद थकबाकीदारांच्या लिस्टवरून. ज्यांनी पैसे भरले त्यांना लिस्टमधून काढायचं. पाच ओळींचं काम वाटतं. वाढण्याच्या खर्चाची चर्चा करत बसणाऱ्यांचे खरे तास मात्र या पाच ओळींत जातात.

मामा : मी स्वतः लिहून पाहिलं. शून्यापासून लूप, ज्याने भरलेत त्याला रिमूव्ह. शेजारीशेजारी दोघांनी भरलेले असले की दुसरा लिस्टमध्ये राहतोच.

भाची : कारण मधला गेला की पुढचे सगळे एकेक जागा मागे सरकतात. वाढपी पंगतीत एकेका पानावर वाढत चाललाय, तिसऱ्या पाटावरचा उठला, चौथा सरकून तिसऱ्यावर आला आणि वाढपी चौथ्या पाटाकडे गेला. सरकलेला उपाशी.

मामा : मग तुझ्या त्या फॉर-ईचने केलं. त्यात इंडेक्सच नाही. कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन म्हणून काहीतरी आलं. अगं, कन्करंट कुठलं? मी एकटाच बसलो होतो!

भाची : नाव फसवं आहे. लिस्ट आपल्यातले बदल एका मोजणीत ठेवते. लूप सुरू होताना इटरेटर तो आकडा टिपून घेतो आणि पुढचा एलिमेंट मागताना ताडून बघतो. मध्ये कुणी ॲड-रिमूव्ह केलं असेल तर आकडा जुळत नाही. ते तूच केलेलं असलंस तरी.

मामा : तरी एकदा एक्सेप्शन आलं नाही. चार जण होते, तिसऱ्याला काढलं, सुरळीत पार पडलं.

भाची : सुरळीत? चौथ्याला तपासलंच नाही! आणखी कुणी उरलंय का, हे इटरेटर आपली जागा आणि साइज यांच्या तुलनेवरून ठरवतो. तिसरा तपासून झाल्यावर त्याची जागा होती ३. तू एक काढलास, साइजही झाली ३. त्याला वाटलं, संपलं. पुढचा मागितलाच नाही, म्हणून आकडा ताडायची वेळ आली नाही. शेवटून दुसरा काढलास की असं गपचूप होतं. आणि गंमत म्हणजे अगदी शेवटचा काढलास तर जागा ४, साइज ३, दोन्ही जुळत नाहीत, म्हणून तो पाचवा मागायला जातो आणि तेव्हा एक्सेप्शन येतं.

मामा : हा कसला चौकीदार! बाकी सगळ्यांच्या वेळी ओरडतो आणि एकाच्या वेळी झोपतो.

भाची : दस्तऐवजातच लिहिलंय की या तपासणीच्या भरवशावर राहू नका, जमेल तितकं सांगू, एवढंच तिचं वचन. २०१४ च्या जावा ८ पासून रिमूव्हइफ आहे, ते वापर. अट सांगायची, ‘ज्याची बाकी शून्य तो काढ’. एका फेरीत काम होतं, सरकवासरकवीही एकदाच होते.

मामा : आणि फ्लॅटचे नंबर इंटीजर असताना रिमूव्ह(२०३) केलं, तेव्हा काय झालं होतं? तेही इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स.

भाची : रिमूव्ह दोन आहेत. एक इंडेक्स घेतो, दुसरा ऑब्जेक्ट. साधा आकडा दिलास की तो इंडेक्स समजला जातो. २०४ वा माणूस काढ, असं तू सांगितलंस. नशीब चांगलं म्हणून एक्सेप्शन आलं. रो हाउसची सोसायटी असती, नंबर १ ते २४, आणि तू रिमूव्ह(३) म्हटलं असतंस, तर चौथ्या जागेवरच्याची थकबाकी बिनबोभाट माफ झाली असती.

मामा : मधूनच काढायचंय तर लिंक्डलिस्ट का नाही घेतलीस? तिथे सरकवणं नाही. शेजारचा इंटरव्ह्यूची तयारी करतोय, तो हेच घोकत असतो.

भाची : घोकू दे. मधला काढण्याआधी तो शोधावा लागतो, आणि लिंक्डलिस्टमध्ये शोधायचं म्हणजे एका टोकाकडून एकेक नोड चालत जायचं. प्रत्येक नोडला चोवीस बाइट, मेमरीत कुठेही पडलेला. ॲरेलिस्टचं सरकवणं दिसायला धसमुसळं असलं तरी लागून असलेल्या मेमरीवर झटपट होतं. जोश ब्लॉकनेच ट्विटरवर जाहीरपणे विचारलं होतं, लिंक्डलिस्ट कुणी खरंच वापरतं का. आपण ती लिहिली, पण वापरत नाही म्हणून. दोन्ही टोकांना घालघाल-काढकाढ असेल तर ॲरेडेक आहे, २००६ च्या जावा ६ पासून.

इंटरव्ह्यूतलं ते उत्तर, ‘मध्ये घालायचं-काढायचं असेल तर लिंक्डलिस्ट’, पाठ करणाऱ्या मुलांचा दोष नाही. विचारणाऱ्यांनीही ते पाठच केलेलं असतं.

इथवर बहुतेक ठिकाणी भाचीने मामांना निरुत्तर केलं होतं. लिस्ट वाढते कशी, काढते कशी, हे तिला तळहातासारखं माहीत होतं. पण मामांचा मूळ आक्षेप वाढण्याच्या वेगाबद्दल नव्हताच. त्यांना ८४ हा आकडा पक्का हवा होता, कारण वहीवर नाव कुणी चढवलं आणि कुणी खोडलं याची जबाबदारी त्यांच्यावर होती. ते त्यांना नीट मांडता येत नव्हतं, म्हणून ते बाइट मोजत होते.

मामा : तुझ्या हिशेबाच्या क्लासमध्ये ‘गेट थकबाकीदार’ आहे. ती लिस्ट मी घेतली आणि माझ्या रिपोर्टसाठी मोठ्या रकमेपासून सॉर्ट केली. नंतर बघतो तर तुझ्या स्क्रीनवर मजल्यांचा क्रम मोडलेला.

भाची : हं. मी आतल्या लिस्टचा रेफरन्सच बाहेर दिला होता. तू तुझी म्हणून सॉर्ट केलीस ती माझीच होती.

मामा : मी सॉर्टच केली. उद्या कुणी क्लिअर म्हटलं तर? एका शब्दात ८४ घरांची थकबाकी माफ. माझ्या ॲरेला क्लिअर नाही.

भाची : क्लिअर नाही, पण प्रत्येक खान्यात नल भरता येतं. ॲरेला फायनल लावलं तरी ते फक्त त्या नावापुरतं, आतले खाने सगळ्यांना खुले. जावाचा ॲरे कुलूपबंद करताच येत नाही. पक्की असते ती लांबी, मजकूर नाही. लिस्टला निदान कुलूप लावता येतं.

मामा : कसं?

भाची : कलेक्शन्स.अनमॉडिफाएबललिस्ट. पण ती नुसती काच आहे. बाहेरून हात घालता येत नाही, मी आत बदल केले तर ते बाहेरून दिसतात. तुझ्या हातात रिपोर्ट अर्धा असताना मी पावती नोंदवली तर तुझी लिस्ट बदलेल. २०१८ च्या जावा १० पासून लिस्ट.कॉपीऑफ आहे. ती त्या क्षणाची वेगळी प्रत देते, नंतर कुणीच बदलू शकत नाही. ८४ नावांची प्रत काढायला काही लागत नाही.

मामा : या कुलूपबंद लिस्टवर मी ॲड म्हटलं तर कंपायलर अडवेल?

भाची : नाही. चालताना अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन येईल.

मामा : म्हणजे दारावर ‘ॲड’ अशी पाटी आहे, आत गेल्यावर सांगायचं की आमच्याकडे ॲड नाही.

भाची : लिस्टच्या इंटरफेसमध्ये बदल करणाऱ्या मेथड ऐच्छिक ठेवल्या आहेत. दरेक जातीच्या लिस्टला वेगळा इंटरफेस केला असता तर इंटरफेसचं जंगल झालं असतं, असं ब्लॉक वगैरे मंडळींनी ठरवलं. मलाही ते फारसं आवडत नाही. ॲरेज.ॲजलिस्टचं तर आणखी वेगळंच, सेट चालतं, ॲड चालत नाही, आणि सेट केलं की मूळ ॲरेही बदलतो.

मामा : मग मला लिस्टच नको. ऐक, पावतीपुस्तकात काय काय करता येतं? नवी पावती फाडता येते. फाडलेली पावती कुणी पुस्तकातून काढून टाकत नाही. चुकली तर ‘रद्द’ लिहून जागेवर ठेवायची आणि उलट नोंद करायची. ऑडिटर नंबर लावून बघतो, मधला एक नंबर गायब असला की खजिनदाराची खैर नाही. मग तुझ्या पावत्यांच्या लिस्टला रिमूव्ह हवाच कशाला? मध्येच घालणं कशाला? सॉर्ट कशाला?

भाची : (जरा थांबून) नकोच आहे.

मामा : तरी आहे.

भाची : आहे, कारण मी पावतीपुस्तक म्हणून थेट ॲरेलिस्टच वापरली. हीच गफलत जावाच्या पहिल्या आवृत्तीतही आहे, १९९६ मध्ये. तिथला स्टॅक हा क्लास व्हेक्टरचा वारस केलाय. वर ठेवायचं, वरून काढायचं, एवढंच स्टॅकला शोभतं. पण वारसा म्हणून व्हेक्टरच्या सगळ्या मेथड आल्या, त्यामुळे मधोमध घुसवता येतं, तळातून उपटता येतं. ब्लॉकनेही पुढे आपल्या पुस्तकात हे उदाहरण चुकीचं म्हणूनच दिलं. स्टॅकच्या आत यादी असायला हवी होती. स्टॅक हीच एक यादी आहे, असं करायला नको होतं.

मामा : मग पावतीपुस्तकाच्या आत ठेव यादी.

भाची : ठेवते. क्लास पावतीपुस्तक, आत खासगी लिस्ट. बाहेर फक्त ‘नोंदव’, ‘रद्द कर’, ‘एकूण’ आणि ‘फ्लॅटप्रमाणे पावत्या’. रद्द कर म्हणजे आत उलट रकमेची नवी नोंद, काढणं नाहीच. पुढचा नंबर पुस्तक स्वतः देईल, बाहेरून कुणी देणार नाही. रिपोर्टला हवी तेव्हा प्रत मिळेल, ती खुशाल कशीही सॉर्ट कर.

मामा : दोघं जण एकदम नोंदवायला बसले तर? ऑफिसातून मी आणि घरून सेक्रेटरी.

भाची : नुसत्या ॲरेलिस्टमध्ये एक पावती हरवू शकते, दोघांनी एकाच खान्यात लिहिली तर. जुन्या व्हेक्टरच्या मेथड सिंक्रोनाइज्ड असतात, पण तेवढ्याने भागत नाही. ‘शेवटचा नंबर बघ’ आणि ‘पुढचा घाल’ ही दोन पावलं आहेत, मधल्या फटीत दुसरा घुसतो. कुलूप दोन्ही पावलांवर मिळून हवं. आता ती दोन्ही ‘नोंदव’ या एकाच मेथडमध्ये आली, म्हणून तिलाच लावता येतं.

मामा : हे बरं झालं. म्हणजे आत काय आहे ते मला बाहेरून कळणारच नाही?

भाची : नाही कळणार.

मामा : आत लिंक्डलिस्ट घातलीस तरी?

भाची : तरी नाही.

मामा : आणि ॲरे घातला तरी?

भाची : ...तरी नाही.

मामा : मग घाल की ॲरे!

भाची : घालते. पण भरला की वाढवायचा कोड तू लिहायचा, मामा. आणि दहा-दहाने नाही.